मेन राज्यात शाळेची नोकरी आणि बोटांचे ठसे: अर्ज करण्यापूर्वी

अमेरिकेतील मेन राज्यात शाळेत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शिक्षक असो वा शिक्षकेतर कर्मचारी, बोटांचे ठसे देऊन चारित्र्य पडताळणी करून घ्यावी लागते. ही सक्ती १९९९ च्या सुमारास अमलात आली, तेव्हा वर्षानुवर्षे निष्कलंक सेवा केलेल्या शिक्षकांनी तिला कडाडून विरोध केला. कोणताही आरोप नसताना ठसे देणे म्हणजे आधी संशयित ठरून मग निर्दोषत्व सिद्ध करणे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि काहींनी ठसे देण्याऐवजी नोकरी सोडली. २००० साली विधिमंडळाने ही अट नव्या नेमणुकांपुरती मर्यादित करणारे विधेयक संमत केले. परंतु गव्हर्नर अँगस किंग यांनी नकाराधिकार वापरला आणि सक्ती कायम राहिली. मुलांच्या सुरक्षिततेचा हेतू कोणीही नाकारत नाही, तरीही त्या शिक्षकांचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो.

अर्जदाराने प्रथम राज्याच्या शिक्षण विभागाकडे पडताळणीसाठी अर्ज करावा, शुल्क भरावे आणि ठसे देण्याची वेळ ठरवून घ्यावी. केंद्रावर छायाचित्र असलेले, मुदतीतील सरकारी ओळखपत्र लागते. भारतीय नागरिकाने पासपोर्ट जवळ ठेवावा आणि अर्जातील नाव त्यातील नावाशी अक्षरशः जुळते का, हे आधीच तपासावे, कारण वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे येथे हमखास घोटाळा होतो. ठशांची छाननी राज्य पोलीस आणि एफबीआय करतात. वयामुळे किंवा कामामुळे बोटांवरील रेषा झिजल्या असतील, तर ठसे अस्पष्ट म्हणून परत येऊ शकतात. एफबीआयने ते दोनदा नाकारल्यास नावावरून शोध घेण्याची विनंती करता येते. मंजुरी पाच वर्षे टिकते.

ठशांवरून मिळणारा अहवाल गोपनीय असतो. त्यातील नोंद चुकीची किंवा अपुरी असेल, तर तिला हरकत घेण्याची आणि ती दुरुस्त करून घेण्याची संधी अर्जदाराला दिलीच पाहिजे. स्वतःची नोंद आधी पाहायची असल्यास एफबीआयकडे १८ डॉलर भरून ती मागवता येते.

महाराष्ट्रातून जे-१ या (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या) व्हिसावर शिक्षक म्हणून जाणाऱ्यांसाठी पात्रता वेगळी आहे. अमेरिकन पदवीशी समकक्ष पदवी, किमान दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, इंग्रजीवर पुरेसे प्रभुत्व आणि संबंधित राज्याच्या निकषांची पूर्तता आवश्यक असते. भारतातील पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (गुन्हेगारी नोंद नसल्याचा दाखला) मागितले गेले, तर ते पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून अर्ज करून मिळते. मात्र ते मेनमधील ठशांची जागा घेत नाही, ठसे तेथे गेल्यावर द्यावेच लागतात.