चरबी उतरली, मांस वाढलं: डुकरांच्या स्नायूंमागची जनुकं

बेल्जियममधल्या प्येत्रँ गावाच्या नावानं डुकराची एक जात ओळखली जाते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि मांड्या अशा भरलेल्या, की मागून पाहिलं तर तालमीतला पैलवानच वाटावा. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या गिऱ्हाइकाला चरबी नकोशी झाली, तशी ही जात भाव खाऊ लागली.

पण तिच्यात एक खोट होती. गाडीत चढवताना किंवा अनोळखी डुकरांशी झटापट झाली, की जनावर तापायचं, पाय ताठ व्हायचे आणि कधी कधी तिथंच मरायचं. कत्तलखान्यापर्यंत पोहोचलं तरी मांस फिकट, लिबलिबीत. ट्रेमध्ये ठेवलं की खाली पाणी साचायचं. १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यावर सोपी चाचणी काढली: पिलाच्या तोंडावर मास्क लावून हॅलोथेन ही भूल द्यायची. पाय ताठ झाले, तर पिलू दोषी. अडचण एकच. दोष एकाच पालकाकडून आला असेल, तर पिलू चाचणीत बिनबोभाट पास व्हायचं आणि पुढं तोच दोष वाटत फिरायचं.

१९९१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मूळ शोधलं. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सोडणारं एक दार असतं. ते बनवणाऱ्या जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदललेलं होतं. दार सहज उघडायचं, लवकर मिटायचं नाही; स्नायू आखडायचे, उष्णता आणि आम्ल साठायचं. पाच वेगवेगळ्या जातींत हाच बदल सापडला. म्हणजे दोषाचा पूर्वज एकच असणार, आणि जास्त मांसल जनावर निवडता निवडता पैदासकारांनीच त्याला घरोघरी पोहोचवलं होतं.

हॅम्पशायर जातीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, सुमारे ७० टक्के जास्त, त्यामुळे कत्तलीनंतर मांसात आम्ल जास्त तयार होतं आणि हॅम, म्हणजे मांडीचं मांस, शिजवताना वजनात घटतं. त्याचं जनुक २००० मध्ये हाती लागलं.

मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो २००३ चा शोध. स्वीडनमधल्या उप्साला आणि बेल्जियममधल्या लिएज इथल्या गटांनी आयजीएफ-२ या वाढीच्या जनुकात बदल शोधला. इथं प्रथिन जसंच्या तसं होतं. बदल होता तो जनुकाच्या ज्या भागातून प्रथिन बनतच नाही, तिथल्या एका अक्षरात. जी च्या जागी ए. तेवढ्यानं जनुकाला आवर घालणारं प्रथिन तिथं चिकटेनासं झालं आणि जन्मानंतर स्नायूंत या जनुकाचं काम तिप्पट वाढलं; मांस वाढलं, चरबी उतरली. यकृतात मात्र काही फरक नाही. आवर घालणाऱ्या त्या प्रथिनाची, झेडबेड-६ ची, ओळख २००९ मध्ये पटली.

शिवाय स्नायूंत या जनुकाची बापाकडून आलेली प्रतच बोलते, आईची गप्प असते. त्यामुळे पैदासकाराला हा बदल नराच्या वंशात ठेवता येतो आणि माद्या जरा अंगावर चरबी असलेल्या, पिलांना नीट पाजणाऱ्या राखता येतात.