मणक्यातला हिमँजिओमा: गाठ म्हणावी की नाही?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या दवाखान्यात ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य जुनं. एमआरआय आल्यापासून त्याला जोड मिळाली: ‘डी-११मध्ये हिमँजिओमा’, म्हणजे पाठीच्या अकराव्या मणक्याच्या हाडात रक्तवाहिन्यांचा पुंजका. रिपोर्टातली ही ओळ घरी पोचेस्तोवर तिची ‘गाठ’ होते, आणि शेजारी पोचली की ‘कॅन्सर’.

शवविच्छेदनाच्या काळापासून ठाऊक असलेली गोष्ट आहे ही. दहातल्या एका माणसाच्या पाठीत ती सापडते आणि बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाही. मणक्याच्या आतल्या आडव्या हाडपट्ट्या झिजतात, उरलेल्या उभ्या जाड होतात. एक्स-रेवर तुरुंगाचे गज दिसतात. (किल्ल्यातच तुरुंग असलेल्या ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको.) सीटीत तेच गज आडवे कापले जातात, म्हणून ठिपके.

खरा घोळ नावाचा. १९८२मध्ये रक्तवाहिन्यांच्या विकारांची नवी विभागणी झाली: पेशी वाढत असतील तर हिमँजिओमा, वाहिन्यांची घडणच बिघडलेली असेल तर ‘मालफॉर्मेशन’. तान्ह्या बाळाच्या गालावरचा लाल डाग पहिल्यात बसतो. मणक्यातला प्रकार बराचसा दुसऱ्यात, म्हणजे तो ट्यूमरच नव्हे. तरी रिपोर्टात जुनंच नाव चालू आहे. त्याच्या बाजूने म्हणतात, काही थोडे खरंच पसरतात, मज्जारज्जू दाबतात, पाय लुळे पडतात. नाव सौम्य केलं तर लक्ष उडेल. मला हे फारसं पटत नाही. त्या थोड्यांसाठी बाकीच्यांची झोप का उडवायची?

त्या थोड्यांचे उपचार मात्र गेल्या चाळीसेक वर्षांत पार बदलले. १९८४मध्ये फ्रान्समध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्यात सुईने सिमेंट भरलं गेलं, ते हिमँजिओमासाठीच; म्हाताऱ्यांच्या पिचलेल्या मणक्यांना ते नंतर मिळालं. एमआरआयमध्ये चरबी कमी दिसली तर संशय वाढतो, कारण मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या कॅन्सरची मणक्यात उतरलेली गाठही अशीच रक्ताने भरलेली असते. अशा रक्ताने भरलेल्या कुठल्याही गाठीला थेट चाकू लावला तर रक्त आवरत नाही. म्हणून आधी जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी करतात, वाहिन्या बुजवतात आणि एक-दोन दिवसांत, त्या पुन्हा उघडायच्या आत, शस्त्रक्रिया उरकतात. जपायचं असतं ते मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीला. ती बहुधा डावीकडून, पाठीच्या खालच्या भागात शिरते, डी-११च्या आसपासच.