प्लॉट सेटिंगचे स्थलांतर : ऑटोकॅड

ऑटोकॅड या संगणकावर नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना जुन्या आवृत्तीतील पेनांच्या जाड्या, छापील रंग, प्लॉटरची (मोठे नकाशे छापणाऱ्या यंत्राची) जुळणी आणि स्वतः ठरवलेली कागदाची मापे जशीच्या तशी पुढे नेणे, म्हणजे प्लॉट सेटिंगचे स्थलांतर. हे राहून गेले, तर कालपर्यंत नीट निघणारी शीट आज भलतीच निघते, आणि ड्रॉइंग उघडून पाहावे तर त्यात एकही रेघ हललेली नसते.

याचे कारण असे, की डीडब्ल्यूजी म्हणजे ड्रॉइंगच्या फाइलमध्ये प्लॉट स्टाइलचे, म्हणजे छपाईच्या नियमांच्या तक्त्याचे, फक्त नाव असते. लाल रेघ किती जाड छापायची, ती काळी काढायची की लालच ठेवायची, हे सारे वेगळ्या सीटीबी फाइलमध्ये असते. सीटीबीत रंगांचे २५५ क्रमांक आणि प्रत्येकापुढे जाडी, छापील रंग, शाईची तीव्रता यांची नोंद असते. दुसरा प्रकार एसटीबीचा. त्यात नियम रंगाला न चिकटता नावाने लेअरला (ड्रॉइंगमधल्या थराला) किंवा वस्तूला दिले जातात. तो अधिक तर्कशुद्ध आहे, पण बहुतेक कार्यालयांची सवय सीटीबीचीच.

ही सवय पेन प्लॉटरच्या काळातली. ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आले, तेव्हा प्लॉटरमध्ये खरोखरीचे शाईचे पेन बसवलेले असत आणि पडद्यावरचा रंग म्हणजे पेनाचा क्रमांक असे. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५ मिमीचे पेन चालवणाऱ्या ड्राफ्ट्समनला हे सांगावे लागले नाही. पेन गेले, शाईचे फवारे आले, तरी ‘पिवळा म्हणजे जाड’ ही भाषा टिकली. १९९९ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००० ने आधीच्या पीसीपी आणि पीसी२ या प्लॉट सेटिंगच्या फाइलींच्या जागी सीटीबी, एसटीबी आणि प्लॉटरची जुळणी साठवणारी पीसी३ आणल्या. जुन्या फाइली आत घ्यायला तेव्हा पायरीपायरीने मदत करणारा खास विझार्डही दिला होता, म्हणजे स्थलांतराचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

सीटीबी हरवली, तर नेमके काय होते? १:१०० चा मजल्याचा नकाशा घ्या. भिंतींची कापरेघ (कापलेल्या भिंतीची कड) पिवळ्या रंगात, सीटीबीत तिला काळी शाई आणि ०.५ मिमी. फरशीचा हॅच (भरणीच्या रेघांची जाळी) ८ क्रमांकाच्या राखाडी रंगात, त्याला ०.१३ मिमी आणि निम्मी शाई. आता सीटीबी नाही. जिथे वेगळी जाडी दिलेली नाही तिथे सगळ्या रेघा मूळच्या ०.२५ मिमीने, आपापल्या पडद्यावरच्या रंगात छापल्या जातात. पांढऱ्या कागदावर पिवळ्या भिंती दिसेनाशा होतात, हॅच उठून येतो आणि मापांचे आकडे त्याच्या जाळीत अडकतात.

तरी फाइल हरवलेली बरी, कारण प्लॉटच्या खिडकीत ती सापडत नसल्याची सूचना तरी येते. खरा घात नावसारखेपणाने होतो. कुणीतरी ऑटोकॅडसोबत येणारी, सगळे काळे छापणारी ‘मोनोक्रोम’ सीटीबीच उघडून तिच्यात कार्यालयाच्या जाड्या भरलेल्या असतात. नवी आवृत्ती त्याच नावाची कोरी फाइल सोबत आणते. नाव जुळते, सूचना येत नाही आणि शीट चुकीची निघते. म्हणून मूळ फाइलींना हात न लावता वेगळ्या नावाची प्रत करणे हा पहिला नियम मानावा.

महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे. बांधकाम परवानगीच्या नकाशात रंगांना नियमाने अर्थ दिलेला असतो : नियोजित काम तांबडे, पाडायचे काम पिवळ्या हॅचने, सांडपाण्याची वाहिनी तांबड्या तुटक रेघेने. म्हणजे सँक्शन ड्रॉइंगच्या (परवानगीच्या नकाशाच्या) सीटीबीत काही रंग रंगच राहायला हवेत आणि वर्किंग ड्रॉइंगच्या (प्रत्यक्ष बांधकामाच्या नकाशाच्या) सीटीबीत तेच काळे व्हायला हवेत. दोन्ही फाइली नीट सांभाळाव्या लागतात.

विंडोजमध्ये या साऱ्या प्लॉट फाइली वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधील ‘रोमिंग’ फोल्डरमध्ये, त्या-त्या आवृत्तीच्या नावाखालच्या ‘प्लॉटर्स’ फोल्डरात असतात. अ‍ॅपडेटा लपवलेले असते, त्यामुळे संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी ‘डी’ ड्राइव्हवर घेतलेल्या बॅकअपमधून ते हमखास सुटते. प्रत्येक आवृत्तीचे फोल्डर वेगळे, म्हणून नव्या आवृत्तीला जुन्या फाइली आपोआप दिसत नाहीत. जुनी आवृत्ती त्याच संगणकावर असेल, तर सेटिंग पुढे नेण्याची सोय ऑटोकॅडमध्येच आहे. संगणक बदलत असेल, तर सेटिंग एक्स्पोर्ट करून फाइल तिकडे न्यावी.

याहून पक्का मार्ग म्हणजे फाइली आवृत्तीच्या फोल्डरात ठेवूच नयेत. कार्यालयाच्या सर्व्हरवर एक फोल्डर करावा आणि ‘ऑप्शन्स’मधल्या ‘फाइल्स’ टॅबवर प्रिंटर सपोर्टचे मार्ग तिकडे वळवावेत. मग नव्या आवृत्तीत फक्त मार्ग पुन्हा द्यायचा आणि दहा जणांच्या संगणकांवर दहा वेगळ्या सीटीबी होत नाहीत.

एक गाठ मात्र तरीही हाताने सोडवावी लागते. रस्त्याच्या एल-सेक्शनसाठी (लांबीच्या दिशेने घेतलेल्या छेदासाठी) ९१४ मिमी रोलवर ए०पेक्षा लांब कागद ठरवलेला असेल, तर ते माप पीसी३ मध्ये नसून तिला जोडलेल्या पीएमपी फाइलमध्ये असते. पीसी३ मध्ये त्या पीएमपीचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो, तोही जुन्या आवृत्तीच्या फोल्डराचा. जुनी आवृत्ती काढून फोल्डर पुसला, की यादीतून कागद गायब होतो. पीसी३ उघडून पीएमपी नव्या जागेवरून पुन्हा जोडली, की तो परत येतो.

जुनी आवृत्ती काढण्याआधी हॅच, मापे आणि जाड भिंती असलेली एक शीट दोन्हींतून छापावी. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, की उजेडात जाडीतला फरक डोळ्यांना लगेच दिसतो.