लोंढा नव्हे, हात आणि पोट

स्थलांतराची बातमी आली की मथळ्यात ‘लोंढे’ हा शब्द हमखास येतो. त्यामागे पुराचं चित्र आहे: भांडं आहे तेवढंच, पाणी मात्र चढतंय. रोजगाराबद्दलही हाच समज असतो. नोकऱ्या शंभर, बाहेरून दहा जण आले, म्हणजे आपल्यातले दहा घरी बसणार.

हा हिशेब चुकतो. येणारा माणूस हात आणतो तसं पोटही आणतो. तो खोली घेतो, केस कापून घेतो, सायकल दुरुस्तीला टाकतो. काम घेतो तसं देतोही.

पण झळ कुणाला आणि लाभ कुणाला, हे ठरतं ते पूरक काम आणि पर्यायी काम या फरकावर. एखाद्या बांधकामावर थोडा वेळ उभं राहून बघा. माल कालवायला आणि विटा वर द्यायला कुणी नसलं की गवंडी थापी खाली ठेवून स्वतःच घमेलं उचलतो. हाताखाली दोन मजूर आले की त्याची थापी थांबत नाही. दिवसाचं बांधकाम वाढतं आणि गवंड्याचा भावही. नवे मजूर गवंड्याला पूरक आहेत. कालपर्यंत घमेली वाहणाऱ्या मजुराला मात्र ते पर्याय आहेत, कारण मुकादमाला आता निवड करता येते.

अमेरिकेत १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून इतर भागांत गेले. अर्थतज्ज्ञ लिआ बूस्तान यांच्या अभ्यासानुसार त्याचा फटका मुख्यतः उत्तरेत आधीपासून असलेल्या कृष्णवर्णीय कामगारांच्याच मजुरीला बसला. गोऱ्या कामगारांशी नव्यांची थेट स्पर्धा फारशी नव्हतीच.

मजुरी घसरली नाही म्हणजे झळ बसली नाही, असंही नाही. १९३०च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकी शहरांत जे स्थलांतर झालं, त्याचा बूस्तान आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. तासाचा दर जवळपास तसाच राहिला. पण दर १० आगंतुकांमागे साधारण २ रहिवासी शहर सोडून गेले, २ जणांना बेकारांसाठीचं सरकारी मदतीचं काम मिळालं नाही आणि २ जणांचं पूर्णवेळ काम अर्धवेळ झालं. दर ताठर असला की ताण दरात दिसत नाही, कामाच्या प्रमाणात दिसतो. म्हणून ‘मजुरीवर परिणाम नाही’ एवढं वाचून कुणी निश्चिंत होऊ नये.

घरांचंही असंच. नवी घरं झटपट उभी राहत असतील तर बांधकामाला काम मिळतं. जागा किंवा परवानग्या अडल्या तर तीच मागणी भाड्यात चढते. मग घरमालक खूश आणि भाडेकरू हैराण, दोघेही ‘स्थानिक’च.

‘बाहेरच्यांना अडवा, प्रश्न मिटेल’ हा उपाय मला अंगाऱ्या-धुपाऱ्यासारखा वाटतो: रोग न तपासताच दिलेला. तोही करून झाला आहे. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी कॅलिफोर्नियाच्या सीमेवर जाऊन गरीब दिसणाऱ्यांना परत पाठवलं. निर्धन माणसाला राज्यात आणणं हा तिथे कायद्याने गुन्हाच होता. एडवर्ड्स नावाच्या रहिवाशाने टेक्सासहून आपल्या बेकार मेव्हण्याला आणलं आणि तो दोषी ठरला. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. टेक्सासहून निघताना मेव्हण्याच्या खिशात सुमारे २० डॉलर होते; पोचेपर्यंत तेही संपले होते.