पडद्यावरचे स्टील, पितळ आणि तांबे : धातूच्या रूपाचा इंटरफेस बनवून घेण्याआधी

आम्ही इंटरफेस, म्हणजे पडद्यावरची बटणे, नॉब आणि पॅनेल, रंगवून देतो. ‘मेटल लूक हवाय’ असे सांगत आमच्याकडे येणाऱ्यांत दोन प्रकारची मंडळी जास्त असतात. तानपुरा, तबला, इक्वलायझर अशी संगीताची अ‍ॅप बनवणारे, आणि यंत्राच्या टचस्क्रीनसाठी पॅनेल हवे असणारे कारखानदार. दोघांनाही काम सुरू करण्याआधी आम्ही हे पत्रक देतो. धातूचे रूप नेमके कशाने येते हे कळले, की आमच्याकडून काय मागायचे आणि काय नाकारायचे हे तुमचे तुम्हाला ठरवता येते.

आधी स्वयंपाकघरातले झाकण

स्टीलचे एक झाकण घ्या, ज्यावर गोल गोल बारीक रेघा उमटलेल्या आहेत. ते खिडकीजवळ धरा. मध्यापासून कडेपर्यंत उजेडाचे दोन पंखे पसरलेले दिसतील. आता झाकण जागच्या जागी फिरवा. झाकण फिरते, पंखे मात्र जिथल्या तिथे राहतात, कारण उजेड खिडकीतून येतो आणि खिडकी हललेली नाही.

आमच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. धातूला स्वतःचा रंग थोडा आणि आजूबाजूचा उजेड फार. आवाज कमी-जास्त करायच्या नॉबचे एक चित्र काढून प्रोग्रॅममध्ये ते सगळेच्या सगळे फिरवले, तर चकाकीही सोबत गरगरते आणि डोळ्यांना काहीतरी खटकत राहते. अगदी सुरुवातीच्या एका कामात आम्हीही तसेच केले होते. ग्राहकाला चूक बोटाने दाखवता येत नव्हती, पण ‘हे खोटं वाटतंय’ एवढे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि त्यांचे बरोबर होते. तेव्हापासून नॉबचे अंग वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, स्थिर ठेवतो आणि फक्त खूण फिरवतो. नॉबच्या ६४ किंवा १२८ अवस्था एकाखाली एक मांडून त्यांची उभी पट्टी तुमच्या प्रोग्रॅमरला देतो.

घासलेले स्टील कसे तयार होते

फोटोशॉप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये राखाडी लेयरवर ‘अ‍ॅड नॉइज’ फिल्टरने एकरंगी कण पसरतो. मग ‘मोशन ब्लर’ शून्य अंशावर ठेवून ते कण आडवे ओढतो. साधारण चाळीस पिक्सेल ओढले की कणांच्या रेघा होतात. डाव्या-उजव्या कडांना रेघा नीट उमटत नाहीत, म्हणून कॅनव्हास आधीच मोठा घेऊन नंतर कडा कापतो. नॉबसाठी हेच कण ‘रेडियल ब्लर’ने गोल फिरवतो आणि वर ‘अँगल’ ग्रेडियंट, म्हणजे मध्याभोवती गोल फिरत उजळ-गडद होणारी छटा, देतो. झाकणावरचे ते पंखे यातूनच येतात. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे सारे त्यातही करता येते, तिथे त्या ग्रेडियंटला ‘कॉनिकल’ म्हणतात.

कणांचा आणखी एक उपयोग आहे. आठ बिटांच्या चित्रात राखाडीच्या २५६ च पायऱ्या असतात. मोठ्या पडद्यावर हळूहळू बदलणाऱ्या छटेत त्या पायऱ्यांचे पट्टे दिसू लागतात. थोडेसे कण असले की पट्टे मोडतात. तेव्हा ‘जरा खरखरीत दिसतंय, गुळगुळीत करा’ असे म्हणण्याआधी तुमच्या खऱ्या उपकरणावर एकदा पाहा, ही विनंती.

वर की खाली

पडद्यावर उजेड वरून येतो असे डोळे गृहीत धरतात. उठावदार बटणाची वरची कड उजळ आणि खालची गडद असते. दाबल्यावर हे उलटे होते. कोरलेल्या अक्षराचे तसेच. भांड्यांच्या दुकानात ताटावर नाव घालून देतात, ते ताट निरखून पाहा. खोबणीची वरची बाजू सावलीत आणि खालची कड चमकती दिसते. आम्ही गडद अक्षराखाली एका पिक्सेलची उजळ रेघ देतो, तेवढ्याने नाव कोरल्यासारखे भासते. सगळ्या लेयरना ‘ग्लोबल लाइट’चा, म्हणजे उजेड येण्याच्या दिशेचा, एकच कोन दिलेला असतो. नंतर तुमच्याकडे कोणी नवे बटण जोडणार असेल, तर तो कोन बदलू नका.

देवनागरीला मात्र उठाव देणे आम्ही टाळतो. बारीक आकारात बेव्हल, म्हणजे उठावाची उतरती कड, दिला की शिरोरेखेचा जाड दांडा होतो, अनुस्वार आणि रफार त्यात बुडतात. ‘बंद’ हा शब्द ‘बद’ वाचला गेला तर यंत्रापाशी उभ्या माणसाची पंचाईत. म्हणून मराठी लेबले सपाट किंवा कोरीवच असतात. अक्षर आणि धातू यांच्या उजळपणातले प्रमाण किमान ४.५ ला १ ठेवतो, आणि ते रेघांमधल्या सर्वांत अडचणीच्या जागी मोजतो.

तांबे आणि पितळ

तांब्यावर शुभ्र चकाकी दिली की ते प्लास्टिक दिसते. रंगीत धातू उजेडालाही आपला रंग चढवतो. त्यामुळे तांब्याची चकाकी गुलाबीसर नारिंगी आणि पितळेची पिवळी ठेवावी लागते. पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीने ठोकून मठारलेली भांडी मिळतात. तसा पृष्ठभाग हवा असेल तर प्रत्येक ठोक्याचा खळगा हा छोटा आरसा समजून रंगवावा लागतो. तयार टेक्श्चर चिकटवून ते साधत नाही. या कामाला वेळ जास्त लागतो, दरही त्यानुसार जास्त आहे. तानपुऱ्याच्या एका अ‍ॅपसाठी आम्ही तसे केले आणि ते काम आम्हाला फार आवडते.

धातू कुठे नको

अ‍ॅपलने १९९९ मध्ये क्विकटाइम प्लेयर या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला घासलेल्या धातूचे रूप दिले, मॅक संगणकांच्या २००७ च्या लेपर्ड या प्रणालीत प्रोग्रॅमच्या विंडोंवरचे ते रूप काढले आणि आयफोनच्या २०१३ च्या आयओएस ७ या प्रणालीत सपाट चित्रे आणली. फॅशन बदलली म्हणून धातू सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. खऱ्या वाद्याची, खऱ्या यंत्राची आठवण करून द्यायची असेल तिथे तो शोभतो. पण कारखान्यातल्या पडद्यावर धोक्याची सूचना पहिल्या नजरेत दिसायला हवी. चकाकत्या पृष्ठभागावर लाल दिवा हरवतो. अशा पॅनेलला आम्ही फिकी राखाडी पार्श्वभूमी सुचवतो, धातू फक्त चौकटीपुरता. यावर आम्ही थोडा आग्रह धरू, तो समजून घ्यावा.

आम्हाला काय पाठवाल

पडद्याचा आकार पिक्सेलमध्ये, बटणांवरचा अंतिम मजकूर, आणि शक्य असेल तर खऱ्या यंत्राचा किंवा वाद्याचा दिवसाउजेडी काढलेला फोटो. बटणे ताणली जाणार असतील तर आधी सांगा. आडव्या रेघांचे स्टील रुंदीत ताणलेले कळत नाही, उंचीत ताणले की रेघा जाड होऊन लगेच उघडे पडते. त्यामुळे उंची ठरल्याशिवाय आम्ही शेवटचे चित्र काढत नाही.

काम पूर्ण झाल्यावर सर्व लेयर असलेली मूळ फाइल आणि एकपट, दुप्पट, तिप्पट आकारातल्या पीएनजी फाइली तुम्हाला मिळतात. पहिला नमुना संगणकावर पाहून मंजूर करू नका. ज्या फोनवर किंवा पॅनेलवर तो चालणार आहे तिथे उघडा, ट्यूबलाइटखाली आणि उन्हात दोन्हीकडे पाहा, आणि मगच आम्हाला कळवा.