९४४ मिलिमीटर म्हणजे नेमका किती पाऊस?

आमच्या परळच्या चाळीत जुलैमधे एक सीन ठरलेला असतो. आदल्या रात्री रेड अलर्ट येतो, शाळांना सुट्टी जाहीर होते आणि सकाळी अकराला चक्क ऊन. मग समोरच्या काकू गॅलरीतून ओरडणार, "काय गं, कुठाय तुझा रेड अलर्ट?" जसा काय मीच काढलाय! मी शनिवारी आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवते, एवढाच माझा हवामानाशी संबंध.

पण काकूंचं अगदीच चुकत नाही. रेड अलर्ट म्हणजे साधारणपणे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस होऊ शकतो, आणि तोही जिल्ह्यात कुठेतरी, आणि हे "कुठेतरी" बातमीत येईपर्यंत गळून पडतं. २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही.

आता हे ९४४ मी वर्गात फळ्यावर लिहिलं तर पोरं ढिम्म. मिलिमीटर म्हटलं की त्यांना फूटपट्टी दिसते, पाणी दिसत नाही. मग हिशोब घातला, एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोब्बर १ लिटर पाणी. आपली दहा बाय दहाची खोली साधारण ९.३ चौरस मीटर, तिचं छप्पर काढलं असतं तर त्या दिवशी आत जवळपास ८,८०० लिटर पडलं असतं, म्हणजे हजार लिटरच्या काळ्या टाक्या जवळजवळ नऊ! एक पोरगा म्हणाला, "टीचर, आमच्या अख्ख्या मजल्याला एक टाकी आहे." तिथून पुढे मला काही समजवावं लागलं नाही, तेच विचारायला लागले की मग हे पाणी जातं कुठे, आणि भरती असेल तर नाल्यातलं पाणी समुद्रात कसं जाणार.

मला हे आधीच का सुचलं नाही? कारण मला मिलिमीटरमधे पाणी दिसतं, आणि जे आपल्याला दिसतं ते समोरच्यालाही दिसतंय असं वाटतं. १९९० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी यावर एक मस्त प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील, पण १२० पैकी ओळखली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं ना, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. आम्ही वर्गात आरत्या घेऊन करून बघितलं, भांडणं झाली, "एवढं सोपं वाजवतोय, तुला कळत कसं नाही!"

टक्क्यांचं तर विचारूच नका. "उद्या पावसाची शक्यता ३० टक्के" याचा अर्थ काय, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच शहरांतल्या लोकांना विचारलं होतं, २००५ मधेच छापून आलं ते. कुणी म्हणालं दिवसातला ३० टक्के वेळ पडेल, कुणी म्हणालं ३० टक्के भागात पडेल. बरोबर अर्थ बहुमताने सांगितला तो फक्त न्यूयॉर्कवाल्यांनी. खरा अर्थ असा, की हवा अशी असते त्या १० दिवसांपैकी ३ दिवस पाऊस येतो. आकडा चुकीचा नव्हता, कशातले ३० तेच सांगितलेलं नव्हतं. आणि मग लोक म्हणतात हवामानवाले फेकतात. खरं तर "१० पैकी ७ दिवस येणार नाही" हेही तोंडाने सांगितलं ना, तर ऊन पडल्यावर कुणी खोटं बोललं असं वाटत नाही. माझ्या मते विश्वास जातो तो अंदाज चुकल्याने कमी आणि शंभर टक्के खात्रीच्या आवाजात सांगितल्याने जास्त.

परवा काकूंना हे १० पैकी ३ सांगून बघितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते राहूदे, मी बाहेर वाळत घालू की नको ते सांग."

मी म्हटलं, "टॉवेल घाला काकू, गादी नको."

"हां, हे कळलं," म्हणाल्या आणि गादी आत घेऊन गेल्या.