मुक्त व्यापार करार म्हणजे सगळाच माल बिनजकात?

"छोट्या देशानं मोठ्या शेजाऱ्याशी मुक्त व्यापार करार केला, की सगळी जकात उठते आणि त्याचे कारखाने बसतात," हा फॉरवर्ड कोल्हापुरात शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांपर्यंतही फिरत येतो. भीती समजण्यासारखी आहे, पण करार तसा चालत नाही.

भारत-श्रीलंका करार घ्या. सही १९९८ ची, अंमल मार्च २००० पासून. दोघांनीही वगळलेल्या मालाची यादी ठेवली. त्या मालाला सवलत नाही. श्रीलंकेची यादी जास्त लांब. जकात उतरवायला भारताला ३ वर्षं, श्रीलंकेला ८.

उरलेल्या मालालाही उगमाची, म्हणजे तो खरंच त्या देशात बनल्याची, अट आहे. निर्यात किमतीत किमान ३५ टक्के मूल्यभर देशातली हवी, म्हणजे १००० रुपयांच्या मालात परदेशी कच्चा माल ६५० च्या आत. शिवाय तयार मालाचं चार आकडी एचएस शीर्षक (मालाच्या वर्गवारीचा जागतिक कोड) परदेशी कच्च्या मालापेक्षा वेगळं हवं. नुसतं पॅकिंग बदलून भागत नाही.

खरा धोका वेगळाच. तेव्हा श्रीलंकेत पामतेलावर जकात कमी होती, भारतात जास्त. म्हणून तिथं पामतेलापासून वनस्पती तूप बनवणारे कारखाने उभे राहिले आणि माल सवलतीत इकडे येऊ लागला. तो धंदा जकातीतल्या फरकावर उभा होता. फरक आटला, तसा धंदाही आटला.

स्वतः तपासायचं तर बिलावरच्या एचएस कोडपासून सुरुवात करा. लोखंडी ओतीव माल ७३२५, पण पंपाचा ठरलेला भाग असेल तर ८४१३. बहुतेकांचं इथंच चुकतं. मग तो कोड वगळलेल्या यादीत शोधा, साधा आणि सवलतीचा दर शेजारी मांडा. उगमाचं प्रमाणपत्र नसेल, तर जकात पूर्ण भरावी लागते.